दोष जातीचा की दाताचा?
अमेरिकेत भाड्याच्या घरात राहणाऱ्याकडे घरमालक पुष्कळदा विमापत्र मागतो. पाळलेला कुत्रा कोणास चावल्यास भरपाई त्यातूनच व्हावयाची. पण कुत्रा पिटबुल वा रॉटवायलर असला, की अनेक विमा कंपन्या त्याचा स्वभाव न पाहताच नकार देतात. मग घर सोडावे की मुके जनावर, एवढाच प्रश्न भाडेकरूपुढे उरतो. जखमी शेजाऱ्यास भरपाई मिळालीच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु विमा नाकारल्याने चावे थांबत नाहीत. शेजाऱ्याची भरपाई मात्र बुडते. नेवाडा राज्याने २०२१ साली केवळ जातीवरून विमा नाकारण्यास कायद्याने मनाई केली. धोकादायक ठरलेल्या कुत्र्याचा अपवाद ठेवला. हाच मार्ग आम्हांस न्याय्य वाटतो. कुत्र्याचे वर्तन तपासावे, धन्यास जबाबदार धरावे. जन्मावरून दंड कोणासच नसावा.