‘संग्रहित छायाचित्र’ आता पुरे

मुंब्र्याहून फार्मसीच्या एका विद्यार्थिनीचे पत्र आले आहे. ती बुरख्यात बसथांब्यावर उभी असताना कोणीतरी पाठीमागून फोटो काढला. एका दैनिकाने तो तलाकच्या बातमीला लावला, मग बेरोजगारीच्या, मग मतदानाच्या. चेहरा दिसत नसला तरी पाठीवरच्या सॅकवरून गल्लीने तिला ओळखले आणि घरी चौकशा सुरू झाल्या. फोटो काढून टाका, असे तिने कळवले. उत्तर आले: चेहरा दिसत नाही, तेव्हा फोटोत तुम्हीच आहात याचा पुरावा ओळखपत्रासह द्या. परवानगी न घेता छापणाऱ्याने पुरावा मागायचा, हा कुठला न्याय?

पान सोडायची घाई डेस्कवर कोणाला नसते? पण आकडा चुकला तर आपण खुलासा देतो, फोटो चुकला तर दखलही घेत नाही. चेंबूरच्या महाविद्यालयाचे प्रकरण पाहा. 9 ऑगस्ट 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने महाविद्यालयाच्या हिजाब, टोपी, बिल्ल्यांवरच्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली. वर्गात बुरखा चालणार नाही, हेही त्याच आदेशात सांगितले. अशा बातमीला नखशिखान्त बुरख्यातला फोटो लावणे ही तथ्याचीच चूक आहे. याचिका करणाऱ्या नऊ जणी विज्ञानाच्या विद्यार्थिनी होत्या. अशा वेळी त्यांना गाठायचे सोडून आपण मौलाना आणि पक्षप्रवक्त्यांचे बाइट घेतो, आणि वर लिहितो की या मुली गप्प असतात! मुस्लिम स्त्रियांवरच्या सिनेमाबंदीविरुद्ध 1982 मध्ये जळगावात रझिया पटेल उभ्या राहिल्या, तेव्हा त्याही तरुणच होत्या.

‘पाठमोरा तर आहे, काय बिघडते’ म्हणणाऱ्या मित्रांनी जानेवारी 2022 आठवावा. ‘बुल्ली बाई’ अॅपवर मुस्लिम महिलांचे फोटो ‘लिलावा’ला मांडले गेले, त्यांत आपल्या व्यवसायातल्या पत्रकारही होत्या. तेव्हा आपण निषेधाचे अग्रलेख लिहिले. आपल्या संग्रहातले ‘मुस्लिम महिला’ नावाचे फोल्डर मात्र तसेच राहिले.

छायाचित्रकारांनो, फोटोसोबत जागा, तारीख आणि संमती लिहून द्या. ते नसेल तर उपसंपादकांनी फोटो घेऊ नये. बातमी फोटोविना जाऊ द्या. वृत्तसंपादकांनी याच आठवड्यात ते फोल्डर स्वतः बसून तपासावे, नाव-गाव नसलेली छायाचित्रे काढून टाकावीत. आणि त्या दैनिकातल्या सहकाऱ्यांनो, हा अंक हातात पडताच आधी त्या मुलीला फोन करा.