खलनायकाला वजन हवं

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा व्हिडिओ-खेळ आणला. गोलू या भावाला सोडवायला निघालेली सर्कशीतली बहीण, समोर महाबलासुर. चित्रं देखणी, बहीण मनात राहते. असुर मात्र आमच्या मते शेवटपर्यंत नुसता अक्राळविक्राळ.

याउलट जब्बार पटेलांच्या ‘सामना’ चित्रपटातला (१९७५) हिंदूराव आठवा. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, निळू फुलेंनी उभा केलेला हा साखरसम्राट गावात आलेल्या मास्तरला घरात घेतो, पाजतो, त्याच्याशी मनातलं बोलतो. म्हणून त्याची भीती वाटते.

गोष्ट सांगणाऱ्या खेळाला असाच गंभीर खलनायक लागतो, पण तो राक्षस कशाला हवा? आपल्या जवळचंच पाहा: उमापूर हे गाव बीड जिल्ह्यातलं, म्हणजे ऊसतोडीच्या मुलखातलं. इथला ऊसतोड मजुरांचा मुकादम घ्या. तो उचल (आगाऊ रक्कम) देतो, पुढे त्याच उचलीपायी मजुराला अडवतो. आणि कारखान्याचे पैसे अंगावर असल्याने स्वतःही अडकलेला असतो. खेळणाऱ्याने त्याला हरवायचं की सोडवायचं?

गेवराई-उमापूरकडच्या कुणी अशा खेळाची गोष्ट लिहिली, तर आमच्याकडे जरूर पाठवा.

— संपादक