मंगळ पृथ्वीसारखा करायचा, की अवकाशातच घर बांधायचं?

कारंजा (घाडगे) भागात विहीर खोदली की मातीखाली काळा पाषाण लागतो, म्हणजे बेसॉल्ट. मंगळाचा बराचसा पृष्ठभागही बेसॉल्टचाच. मग तिथेही संत्र्याची बाग का फुलू नये?

कारण दगडाची सुपीक माती व्हायला पाणी, हवा आणि जीव लागतात. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या १ टक्क्याहूनही कमी आहे. तिथला कार्बन डायऑक्साइड मोकळा करून हवा दाट करायची, अशी कल्पना जुनी आहे. पण २०१८मध्ये ब्रूस जाकोस्की आणि ख्रिस्तोफर एडवर्ड्स यांनी हिशेब मांडला, की काढता येण्याजोगा वायू त्याला पुरतच नाही. आजच्या तंत्रज्ञानाने तरी ही वाट बंद आहे.

दुसरी वाट जेरार्ड ओ'नील यांनी १९७०च्या दशकात सुचवली: स्वतःभोवती फिरणारी बंदिस्त वसाहत. फिरण्यामुळे पृथ्वीसारखं वजन जाणवतं. मंगळावर ते ३८ टक्केच राहील. आम्हाला हीच वाट जास्त पटते. पण घोडं इथेही मातीतच अडतं.

१९९१मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनात ‘बायोस्फिअर २’ या काचबंद वास्तूत आठ जण दोन वर्षांसाठी राहायला गेले. जागा जेमतेम तीन एकर, आपल्याकडच्या एखाद्या लहान शेताएवढी. सोळा महिन्यांत तिथला ऑक्सिजन २१ वरून सुमारे १४ टक्क्यांवर आला. मातीतले सूक्ष्मजीव तो वापरत होते आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड झाडांना मिळण्याआधी काँक्रीट शोषत होतं. शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. ॲरिझोनात निदान ‘बाहेर’ हवा तरी होती!

भारताला २०३५पर्यंत स्वतःचं अवकाश स्थानक उभारायचं आहे. आज फिरत असलेल्या स्थानकांवरचं अन्न अजूनही पृथ्वीवरूनच जातं.