धाकट्यास घरीं ठेवावें काय?

दरेकशाच्या एका कुटुंबांत मे महिन्यांत युरोपास जाण्याचा बेत चालला आहे. मुलें तीन : पंधरा, अकरा व चार वर्षांचीं. धाकट्यास आजीपाशीं ठेवावें, असें वडील मंडळींचें म्हणणें. आम्हांस तें पटत नाहीं. पंडिता रमाबाई १८८३ सालीं विलायतेस गेल्या, त्या दोन वर्षांच्या मनोरमेस घेऊनच. आणि तो प्रवास आगबोटीचा!

विमानांत त्यास स्वतंत्र जागा घ्यावी लागेल, हें खरें. परंतु शेंगेन व्हिसाचें शुल्क जून २०२४ पासून प्रौढांस ९० युरो, अकरा वर्षांच्या मुलास ४५, आणि सहाच्या आंतील बालकास कांहींच नाहीं. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत तर अठरा वर्षांखालील सर्वांस मोफत प्रवेश.

खरी अडचण झोपेची व पायांची. उन्हाळ्यांत पॅरिसचें घड्याळ आपल्याहून साडेतीन तास मागें. घरीं सहाला उठणारा धाकटा तेथें पहाटे अडीचला उठून बसणार, आणि रात्रीं नऊपर्यंत उजेड! तेव्हां दिवसास एकच स्थळ, दुपारीं विश्रांति. थोरल्यास चित्रांपुढें रेंगाळावयाचें असल्यास वडिलांनीं त्याजपाशीं थांबावें, आईनें धाकट्यांस उद्यानांत न्यावें. दुसऱ्या दिवशीं उलट. तत्पूर्वीं सर्वांनीं एकदां कचारगडची गुहा पायीं चढून पाहावी, आणि धाकटा कोठें ‘उचलून घ्या’ म्हणतो, तें वडिलांनीं नीट ध्यानांत ठेवावें.