कुंतीला फुलू द्या

पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांना कुंतीचं कुंपण असतं, आणि तितक्याच सोसायट्यांत ते दर महिन्याला सपाट केलं जातं. हे थांबायला हवं. कुंतीचे कळ्यांचे झुपके फांदीच्या टोकाला येतात. टोक उडवलं की बहर गेला. मग पावसाची सर येऊन गेल्यावर सगळा रस्ता घमघमवणारं हे झाड वर्षभर नुसती हिरवी भिंत होऊन उभं राहतं.

सपाट कुंपणाची ही हौस युरोपातल्या बागांची. तिथल्या बॉक्सवूडला ती शोभते, कारण त्याचं फूल इतकं बारीक आणि हिरवट की कापल्याचं कुणाला कळतही नाही. (आता तिथेही त्या झाडाचे हाल आहेत. पूर्व आशियातला एक पतंग २००७ मध्ये जर्मनीत आढळला आणि त्याच्या अळ्यांनी पुढे युरोपभर जुनी कुंपणं फस्त केली.) कुंतीला मात्र त्या मापाने कापणं मला अन्याय वाटतो.

कुंपणातली पडलेली खिंडारं बुजवायला समित्या दरवर्षी नवी रोपं विकत आणतात. काही गरज नाही. पिकलेलं लाल फळ बोटांनी चिरडून गर धुवावा आणि बी ताजं असतानाच पेरावं. वाळवून ठेवलं तर उगवण घटते. पण सतत छाटलेल्या कुंपणाला फळ धरणार कुठून? बुलबुलांनाही तिथे काही मिळत नाही. छाट लावायचे तर पावसाळ्यात, कोवळीही नाही आणि जूनही नाही अशा फांदीचे वीतभर तुकडे घ्यावेत, खालची पानं काढून वाळू मिसळलेल्या मातीत सावलीला खोचावेत. मुळं सावकाश फुटतात. रोज उपटून बघू नये.

संत्र्या-मोसंबीच्या बागेशेजारी मात्र कुंती नकोच. ती त्याच कुळातली. सिट्रस सायला ही कीड तिच्या कोवळ्या फुटीवर पोसते आणि ग्रीनिंग रोग पसरवते. नागपूर-अमरावतीकडे कुंपणाला आपली मेंदी बरी.

आमच्या सोसायटीच्या सभेत मी मागणी करणार आहे: रस्त्याकडची बाजू खुशाल छाटा, येणाऱ्या-जाणाऱ्यांना फांद्या लागायला नकोत. पण आतली बाजू आणि माथा पहिल्या पावसापासून दिवाळीपर्यंत सोडा, आणि माळीकाकांना तसं लेखी द्या, म्हणजे पुढे कुणी त्यांना बोल लावणार नाही.