घटस्फोट आणि आजीचे घर

तमिळनाडूतील कुंभकोणम येथे तंजावरच्या मराठी राज्यकाळापासून मराठी कुटुंबे राहत आली आहेत; पुढे बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ मध्ये येथेच जन्मले. या घरांतील मुलांची शाळा आणि बाजार तमिळ. मराठी कानी पडते ती घरात, बहुधा आजीच्या तोंडून. अशा घरात घटस्फोट झाला, की दुरावलेल्या पालकाबरोबर आजी, सणवार, प्रसंगी भाषाही मुलाच्या हातून निसटते. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमानुसार न्यायालय जाणत्या मुलाची पसंती विचारात घेऊ शकते. परंतु ‘आई हवी की बाबा?’ असे घरच्यांनीच मुलाला विचारत राहणे निर्दयपणाचे आहे; त्याला बहुधा दोघेही हवे असतात. भेटीचे वार न्यायालय ठरवील; आजीच्या घरच्या गणेश चतुर्थीला मुलाने जावे, हे मात्र आईवडिलांनीच आपसांत ठरवायला हवे.