जॅक जॉन्सनचा मोठेपणा कोणत्या तराजूत तोलणार?

हेवीवेट मुष्टियुद्धात आजवरचा सर्वश्रेष्ठ कोण, हा वाद शौकिनांत कधीच मिटत नाही. कुणी मुहम्मद अलीचे नाव घेतो, कुणी ज्यो लुईचे. कुणी रॉकी मार्सियानोचा ४९ लढती आणि ४९ विजय हा हिशेब पुढे करतो. या वादात जॅक जॉन्सनचे नाव निघाले की मात्र सरळ दोन तट पडतात. जॉन्सन हा हेवीवेट गटातील पहिला कृष्णवर्णीय विश्वविजेता. १९०८ ते १९१५ अशी सहा वर्षांहून अधिक काळ त्याने ही गादी राखली. एक तट म्हणतो, त्याच्यासारखा बचाव करणारा पुन्हा झाला नाही. 'द रिंग' या मुष्टियुद्धाच्या नामांकित मासिकाचे संस्थापक नॅट फ्लायशर यांनी लुई आणि मार्सियानो यांचा काळ डोळ्यांनी पाहूनही पहिला क्रमांक जॉन्सनलाच दिला होता. दुसरा तट विचारतो, विजेतेपद राखताना त्याने हरवले तरी कोणाला? निवृत्तीतून ओढून आणलेल्या जेफ्रीजला आणि वजनाने कितीतरी लहान असलेल्या केचेलला! मग तो थोर कसा?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर दिलेच पाहिजे. पण मोजमाप करण्यापूर्वी तराजू तपासावा लागतो. विजय किती, पराभव किती, प्रतिस्पर्धी कोण, हे सारे आकडे रिंगच्या दोरांच्या आत काय घडले ते सांगतात. दोरांच्या बाहेर कोणाला उभे करून ठेवले होते, हे ते सांगत नाहीत. जॉन्सनच्या बाबतीत सगळा वाद या न सांगितलेल्या भागाचा आहे.

१८८२ साली जॉन एल. सुलिव्हन विजेता झाला. त्याने कृष्णवर्णीयांशी लढणार नाही असे उघड जाहीर केले. त्या काळात पीटर जॅक्सन नावाचा असामान्य कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा होता. १८९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जेम्स कॉर्बेटबरोबर त्याची लढत ६१ फेऱ्या चालली आणि ती निकालाविना थांबवण्यात आली. दुसऱ्याच वर्षी, १८९२ मध्ये, कॉर्बेटने सुलिव्हनला हरवून विश्वविजेतेपद मिळवले. ज्याला कॉर्बेट ६१ फेऱ्यांत हरवू शकला नाही, त्या जॅक्सनला मात्र त्या किताबासाठी लढण्याची संधी कधीच मिळाली नाही. पुढे जिम जेफ्रीजनेही विजेता असताना कृष्णवर्णीय आव्हानवीराला दारात उभे केले नाही आणि १९०५ मध्ये तो 'अपराजित' म्हणून निवृत्त झाला.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागेल. विजेतेपदाभोवतीची ही वर्णरेषा कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात छापलेली नव्हती. तो रिवाज होता. विजेता, त्याचा व्यवस्थापक, आयोजक आणि वृत्तपत्रे यांनी मिळून तो पाळला. कायदा अन्यायकारक असेल तर त्याला न्यायालयात आव्हान देता येते. रिवाजाविरुद्ध अपील कोणत्या न्यायालयात करणार?

जॉन्सनचा जन्म ३१ मार्च १८७८ रोजी टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन या बंदराच्या गावी झाला. त्याचे आईवडील गुलामगिरीत जन्मलेले. १९०३ मध्ये तो 'कृष्णवर्णीयांचा हेवीवेट विजेता' झाला. असा स्वतंत्र किताब अस्तित्वात होता, हाच मोठा पुरावा आहे. मुख्य पंगतीत बसू द्यायचे नाही, बाहेर वेगळे पान वाढायचे आणि वर तुम्हालाही जेवू घातले म्हणून उपकार सांगायचे, हा प्रकार कोणत्या मनोवृत्तीतून येतो हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

जॉन्सनने या वेगळ्या पानावर समाधान मानले नाही. त्या वेळचा विश्वविजेता टॉमी बर्न्स याचा त्याने इंग्लंडपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पिच्छा पुरवला. शेवटी २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत लढत झाली. बर्न्सला ३०,००० डॉलर आणि जॉन्सनला ५,००० डॉलर, अशी मानधनाची वाटणी होती. जॉन्सनने बर्न्सला इतके झोडपले की चौदाव्या फेरीत पोलिसांनी लढत थांबवली. त्याच वेळी कॅमेराही बंद करण्यात आला. गोरा विजेता काळ्या माणसाच्या पायाशी कोसळताना जगाला दिसू नये, याची ही काळजी!

त्यानंतर 'गोऱ्यांची आशा' शोधण्याची मोहीम सुरू झाली. जॅक लंडनसारख्या नामवंत लेखकाने वृत्तपत्रातून जेफ्रीजला साद घातली. जवळजवळ सहा वर्षे न लढलेला जेफ्रीज शेतातून उठून पुन्हा रिंगमध्ये आला. ४ जुलै १९१० रोजी नेवाडातील रेनो येथे सुमारे २०,००० प्रेक्षकांसमोर जॉन्सनने त्याला पंधराव्या फेरीत संपवले. आज टीकाकार म्हणतात, जेफ्रीज म्हातारा झाला होता. खरे आहे. पण त्याला म्हातारपणी कोणी आणले? जेफ्रीज भरात असताना आव्हान टाळले गेले आणि तो ओसरल्यावर त्याला जॉन्सनपुढे उभे केले गेले. ज्यांनी सामना वेळेवर होऊ दिला नाही, त्यांच्याच बाजूने उशिराचा फायदा मागायचा, हा कोणता न्याय? आपल्याच चुकीचा लाभ कोणाला घेता येत नाही, हे तत्त्व कायद्याचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही जाणतो.

केचेलचा आक्षेपही तपासून पाहू. स्टॅनली केचेल हा मिडलवेट विजेता होता. १६ ऑक्टोबर १९०९ च्या लढतीत बाराव्या फेरीत त्याने जॉन्सनला खाली पाडले. जॉन्सन उठला आणि त्याच फेरीत त्याने केचेलला बेशुद्ध केले. लहान माणसाला हरवले म्हणून या विजयाचे वजन कमी धरावे, हे मान्य. पण हेवीवेट गटात जॉन्सनला हरवू शकेल असा गोरा सापडेना, म्हणून खालच्या गटातून माणूस आणावा लागला, हेही मग मान्य करावे लागेल.

रेनोच्या निकालानंतर अमेरिकेतील अनेक शहरांत दंगली उसळल्या. आनंद साजरा करणाऱ्या कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले, माणसे मारली गेली. राज्यकर्त्यांना राग मात्र आला तो लढतीच्या फिल्मचा! गावोगावी तिच्या प्रदर्शनावर बंदी आली आणि १९१२ मध्ये मुष्टियुद्धाच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास मनाई करणारा कायदाच झाला. तो १९४० पर्यंत टिकला. कायद्याचे शब्द सर्वच लढतींना लागू होते, पण तो कोणाच्या विजयानंतर सुचला हे उघड आहे. ज्याच्या मोठेपणाबद्दल पुढच्या पिढ्या वाद घालणार होत्या, त्याच्या बाजूचा सर्वात बोलका पुरावा अशा रीतीने तीन दशके कोंडून ठेवला गेला.

आता जॉन्सनच्या विरुद्धचा खरा पुरावा. तो लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्या काळात सॅम लँगफर्ड, ज्यो जेनेट आणि सॅम मॅकव्हे हे तीन कृष्णवर्णीय हेवीवेट जगातील कोणाही गोऱ्याला भारी पडतील असे होते. १९०६ मध्ये जॉन्सनने लँगफर्डला पंधरा फेऱ्यांच्या लढतीत गुणांवर हरवले होते. तेव्हा लँगफर्ड वजनाने बराच हलका होता. पुढे तो भरला, पिकला. पण विश्वविजेता झालेल्या जॉन्सनने त्याला पुन्हा संधी दिली नाही, जेनेट आणि मॅकव्हेलाही नाही. डिसेंबर १९१३ मध्ये पॅरिसला त्याने बॅटलिंग जिम जॉन्सन या कृष्णवर्णीयाशी दहा फेऱ्यांची लढत दिली आणि ती बरोबरीत सुटली, एवढाच काय तो अपवाद. त्याचा हिशेब पैशाचा होता. दोन काळ्यांच्या लढतीला तिकिटे खपत नाहीत, गोऱ्याविरुद्ध खपतात. ज्या दाराबाहेर तो स्वतः अनेक वर्षे तिष्ठत होता, ते दार त्याने आत गेल्यावर आपल्याच माणसांसाठी उघडले नाही. लँगफर्ड पुढे आंधळा झाला, गरिबीत जगला आणि १९५६ मध्ये वारला. जॉन्सनच्या मोठेपणातून ही बाब वजा करावीच लागेल.

पण वजाबाकीचा नियम सर्वांना सारखा हवा. १९१९ ते १९२६ विजेता असलेल्या जॅक डेम्प्सीने हॅरी विल्स या कृष्णवर्णीय आव्हानवीराशी किताबासाठी एकदाही लढत दिली नाही. वर्षानुवर्षे बोलणी झाली, रिंगमध्ये मात्र दोघे कधी आले नाहीत. डेम्प्सीच्या नावापुढे मग लँगफर्डसारखे प्रश्नचिन्ह का लागत नाही? जॉन्सनकडून पावती मागणारे डेम्प्सीला उधारीवर का सोडतात?

रिंगमध्ये हरवता येत नाही म्हटल्यावर जॉन्सनला न्यायालयात हरवण्यात आले. १९१० च्या मान कायद्याचा हेतू वेश्याव्यवसायासाठी स्त्रियांची वाहतूक रोखण्याचा होता. पण त्यात 'अनैतिक हेतू' असे मोघम शब्द होते. मोघम शब्द सरकारी पक्षाच्या हातात पडले की काय होते, त्याचा हा नमुना आहे. गोऱ्या स्त्रियांशी जॉन्सनचे उघड संबंध होते आणि खरा राग त्याचा होता. १९१२ मध्ये ल्युसिल कॅमेरॉनच्या नावाने उभे केलेले प्रकरण टिकले नाही. तिने साक्ष देण्यास नकार दिला आणि पुढे जॉन्सनशी लग्न केले. मग दुसरी जुनी मैत्रीण शोधून साक्षीला आणली गेली. १९१३ मध्ये शिकागोत सर्व गोऱ्या सदस्यांच्या ज्युरीने त्याला दोषी ठरवले. शिक्षा झाली एक वर्ष एक दिवसाची. जॉन्सन देश सोडून गेला.

परागंदा असतानाच ५ एप्रिल १९१५ रोजी हवानात जेस विलर्डने त्याला सव्विसाव्या फेरीत बाद केले. ही लढत आपण मुद्दाम हरलो, असे जॉन्सनने नंतर सांगितले. पडल्यावर तो उन्हापासून डोळे झाकतो आहे असे दाखवणारे छायाचित्र त्याचे चाहते आजही पुढे करतात. चाहत्यांची ही बाजू मला पटत नाही. स्वतःच्या पराभवाबद्दल स्वतः दिलेली कबुली हा हितसंबंधी साक्षीदाराचा जबाब आहे. मुद्दाम हरायचे असते तर पहिल्याच काही फेऱ्यांत पडता आले असते. त्यासाठी सदतीस वर्षांचा माणूस भर उन्हात सव्वीस फेऱ्या कशाला झगडेल? जॉन्सन हरला, कारण तो थकला होता आणि विलर्ड तरुण व प्रचंड होता. हे मान्य केल्याने जॉन्सन लहान होत नाही.

१९२० मध्ये त्याने परत येऊन शरणागती पत्करली आणि लेव्हनवर्थच्या तुरुंगात शिक्षा भोगली. १९४६ मध्ये मोटार अपघातात तो गेला. २४ मे २०१८ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी त्याला मरणोत्तर माफी दिली. अनेकांना वाटले, डाग धुतला गेला. पण माफी आणि निर्दोष मुक्तता यांत फरक आहे. माफीने शिक्षेचे परिणाम पुसले जातात. खटलाच चुकीचा होता, असा न्यायनिवाडा त्यातून होत नाही. मुहम्मद अलीला १९६७ मध्ये सैन्यभरती नाकारल्याबद्दल दोषी ठरवले गेले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये ते दोषित्वच रद्द केले. अलीला न्याय मिळाला, जॉन्सनला दया मिळाली. अलीची साडेतीन वर्षे गेली म्हणून शौकीन हळहळतात आणि ते योग्यच आहे. जॉन्सनची सात वर्षे परदेशात गेली, त्याबद्दल तीच हळहळ का नाही?

त्याहून मोठी किंमत इतरांनी मोजली. १९१५ नंतर पूर्ण बावीस वर्षे एकाही कृष्णवर्णीयाला हेवीवेट किताबासाठी लढू दिले नाही. २२ जून १९३७ रोजी ज्यो लुई विजेता झाला तेव्हा ही रेषा पुसली गेली. लुईने जवळजवळ बारा वर्षांत २५ वेळा किताब राखला. पण त्याच्या व्यवस्थापकांनी त्याला आधीच बजावले होते, गोऱ्या स्त्रीसोबत छायाचित्र नको, पडलेल्या प्रतिस्पर्ध्यासमोर हसू नको. थोडक्यात, जॉन्सन होऊ नको! काही जण यावरून म्हणतात की जॉन्सनच्या वागण्यामुळेच दार बंद झाले. बुकर टी. वॉशिंग्टन यांनीही त्याच्यावर जाहीर टीका केली होती. उलट डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांनी १९१४ मध्येच सांगितले होते की या साऱ्या रोषाचे मूळ जॉन्सनच्या रंगात आहे. पीटर जॅक्सन तर सभ्यतेबद्दल नावाजलेला होता. त्याच्यासाठी कोणते दार उघडले? दार वागणूक पाहून बंद होत नव्हते. ते रंग पाहून बंद होत होते.

मग निकाल काय? जॉन्सन हा मुष्टियुद्धातील अगदी पहिल्या रांगेतला योद्धा होता. तो एक नंबरचा होता हे सिद्ध करता येत नाही. लँगफर्डशी दुसरी लढत न देऊन त्याने ती संधी स्वतःच घालवली. तो संत नव्हता, चळवळीचा नेताही नव्हता. पण मोठे मुष्टियोद्धे ठरायला गोऱ्या विजेत्यांना कधी संत व्हावे लागले नाही, मग ही अट त्यालाच का?

शौकिनांनी वाद जरूर घालावा. फक्त सुलिव्हनपासून जेफ्रीजपर्यंत आणि विलर्डपासून लुईच्या आदल्या विजेत्यापर्यंत प्रत्येकाच्या नावापुढे 'विश्वविजेता' वाचताना कंसात 'गोऱ्यांपैकी' हा शब्द मनातल्या मनात घालावा. त्यांची गुणवत्ता खोटी होती असे नाही. ती अर्ध्या जगाला बाहेर ठेवून सिद्ध केलेली होती. या यादीत जॉन्सनच्या नावापुढे तो कंस घालावा लागत नाही. त्याला गोऱ्यांनाही हरवावे लागले आणि त्याआधी कृष्णवर्णीयांनाही. हा हिशेब कोणत्याही विक्रमाच्या पुस्तकात छापलेला नाही. वाद घालणाऱ्यांनीच तो मांडला पाहिजे.